आरतीच्या शेवटच्या कडव्यात कोण असते?

गणपतीचे दिवस आले की परदेशीपुरा, नंदानगर, क्लर्क कॉलनी, मालवा मिल ह्या आपल्या भागांतल्या मराठी घरांतून संध्याकाळी झांजांचा आवाज येऊ लागतो. आधी ‘सुखकर्ता’, मग ‘शेंदूर लाल’, मग ‘लवथवती’, ‘दुर्गे दुर्घट’, ‘युगे अठ्ठावीस’, गुरुवार असेल तर दत्ताची आरती, आणि शेजारपाजारची हिंदी भाषिक मंडळी उभी असतील तर त्यांच्यासाठी ‘जय जगदीश’. शेवटी ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्प. हा क्रम आपल्याला इतका पाठ आहे की पुस्तक हातात घ्यावे लागत नाही.

मात्र ह्या आरत्या कोणी लिहिल्या, असे आपल्यापैकी कोणाला विचारले तर बहुधा एक-दोन नावांवर गाडी थांबते. ‘सुखकर्ता’ रामदासांची, हे पुष्कळांना माहीत असते. पुढे मात्र ‘कोणीतरी संतांनी लिहिलेली’ एवढेच उत्तर मिळते. देवापुढे म्हणताना कवीचे नाव ठाऊक असलेच पाहिजे असे नाही, हे खरे. तरीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आपली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात. त्यांना तोंडपाठ असलेली मराठी कविता म्हणजे बहुतेक घरांत फक्त आरतीच. ज्ञानेश्वरी, गाथा, केशवसुत, कुसुमाग्रज त्यांच्या वाट्याला येतील तेव्हा येतील. आज त्यांच्याजवळ मराठीचा जो ठेवा आहे तो ह्या दहा-बारा आरत्यांचा आहे. तो कोणी दिला, हे त्यांना सांगणे आपले काम आहे. म्हणून ह्या लेखात आपल्या नेहमीच्या आरत्या आणि प्रार्थना रचणाऱ्यांची थोडक्यात ओळख करून देत आहोत.

कवीची सही

जुने मराठी कवी आपले नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहीत नसत, कारण मुखपृष्ठच नव्हते. ते नाव पदाच्या शेवटच्या कडव्यात गुंफत. ह्याला ‘मुद्रा’ किंवा ‘नाममुद्रा’ म्हणतात. अंगठीवरचा शिक्का जसा कागदावर उमटतो, तशी ही कवीची सही. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येते, तोच हा प्रकार. आरत्यांतही तेच आहे.

म्हणूनच आरतीचे शेवटचे कडवे महत्त्वाचे. वेळ कमी असला, नैवेद्य गार होऊ लागला किंवा पुढच्या घरी जायचे असले की आपण पहिले कडवे म्हणतो आणि थेट पुढच्या आरतीकडे वळतो. त्यात अर्थाचे काही बिघडत नाही असे वाटते. पण गळते ते नेमके कवीचे नाव. चार पिढ्या असेच चालले तर आरती राहते आणि तिचा कर्ता पुसला जातो.

समर्थ रामदास

‘सुखकर्ता’, शंकराची ‘लवथवती’ आणि मारुतीची ‘सत्राणे उड्डाणे’ ह्या तिन्ही आरत्या समर्थांच्या. त्यांचा जन्म १६०८ साली, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी झाला. मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ शब्द ऐकून बारा वर्षांचा हा मुलगा निघून गेला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पुढे नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षे साधना केली आणि नंतर तितकीच वर्षे देशभर पायी फिरले. परत आल्यावर कृष्णाकाठी त्यांचे काम सुरू झाले. चाफळला राममंदिर उभे राहिले, ठिकठिकाणी मारुती बसवले गेले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. ती तिथी आपण दासनवमी म्हणून पाळतो.

‘सुखकर्ता’ मोरगावच्या मयूरेश्वरापुढे रचली गेली असे परंपरा सांगते. तिच्यातली गंमत अशी की आरती गणपतीची आहे, पण सही करताना कवी स्वतःला रामाचा दास म्हणवतो आणि गणपतीची घरी वाट पाहतो. एका देवाचा सेवक दुसऱ्या देवाला घरी बोलावतो आहे, आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही. मुलांना हे एवढे समजावले तरी तिसरे कडवे त्यांच्या लक्षात राहते.

नामदेव आणि एकनाथ

‘युगे अठ्ठावीस’च्या शेवटी नामदेवांची मुद्रा आहे. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. जातीने आणि धंद्याने शिंपी, ज्ञानेश्वरांचे सोबती, आणि कीर्तन महाराष्ट्राबाहेर नेणारे पहिले मोठे नाव. पंजाबातल्या घुमान गावी त्यांची आठवण आजही जागती आहे, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्या इंदूरच्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढे शीख बांधव माथा टेकतात, त्यात पंढरपूरच्या वारकऱ्याचे शब्द आहेत, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुद्रा म्हणजे पक्का पुरावा नव्हे. ‘येई हो विठ्ठले’ ह्या आरतीच्या शेवटी ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा येते, आणि विष्णुदास नामा ह्या नावाचा एक वेगळा कवी एकनाथांच्या काळात होऊन गेल्याचे अभ्यासक सांगतात. एकाच नावाचे दोन-तीन कवी झाले की गाणाऱ्यांच्या तोंडी त्यांची पदे एकमेकांत मिसळतात. शिवाय भक्तिमार्गात आपल्या आवडत्या संताच्या नावाने पद रचणे गैर मानले जात नसे. म्हणून मुद्रा वाचावी, तिचा मान ठेवावी, पण तिच्यावरून भांडू नये.

दत्ताची ‘त्रिगुणात्मक’ ही आरती एकनाथांची. काळ १५३३ ते १५९९, गाव पैठण. त्यांची सही ‘एका जनार्दनी’ अशी जोडनावाची आहे. जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू, देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. शिष्याने आपल्या नावाशेजारी कायमचे गुरूचे नाव बांधून टाकले, म्हणून पद म्हणताना आपण दोघांचीही नावे घेतो.

एकनाथांचे आणखी एक काम इथे आठवण्यासारखे आहे. त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरी होऊन तीनशे वर्षे होत आली होती. हाताने उतरवून घेताना तिच्यात चुकीचे शब्द शिरले होते, काहींनी स्वतःच्या ओव्याही घुसवल्या होत्या. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून शके १५०६ म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढे मोठे कवी असूनही दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे जावेत म्हणून त्यांनी वेळ दिला. आपण आरतीत ‘फणिवर’चे ‘फळीवर’ करतो आणि ‘लवथवती’चे ‘लवलवती’ करतो, तेव्हा नाथांची आठवण ठेवावी. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, जो गणपतीच्या पोटाला बांधलेला असतो. फळीचा तिथे काही संबंध नाही. आणि ‘लवथवती’ म्हणजे हेलावणारी, डळमळणारी. हे दोन अर्थ सांगितले की मुले पुन्हा तो शब्द चुकवत नाहीत.

तुकोबांची आरती लिहिणारा विरोधक

सगळ्यांत विलक्षण कहाणी तुकोबांच्या आरतीची. ‘आरती तुकारामा’ लिहिणारे रामेश्वरभट्ट हे वाघोलीचे विद्वान ब्राह्मण. तुकाराम शूद्र असून कीर्तनात वेदांचा अर्थ सांगतात ह्याला त्यांचा कडवा विरोध होता. तुकोबांनी आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, त्यामागे रामेश्वरभट्टांची आज्ञा होती असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांना पश्चात्ताप झाला. परंपरेतली कथा अशी की त्यांच्या अंगाचा दाह काही केल्या शमेना, ते आळंदीला जाऊन बसले आणि तिथे त्यांना तुकोबांनाच शरण जाण्याचा दृष्टान्त झाला. कथेचा तपशील कोणी कसाही घेवो. ज्या माणसाने अभंग बुडवायला लावले त्यानेच पुढे त्या कवीची आरती लिहिली आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव घालून तुकोबांच्या पायांवर डोके ठेवले, एवढे त्या आरतीत स्पष्ट आहे.

देहू-आळंदीच्या वाटेवर, कीर्तनाच्या शेवटी, हजारो माणसे ही आरती रोज म्हणतात. म्हणजे रामेश्वरभट्टांनी एकदा मागितलेली क्षमा साडेतीनशे वर्षे चालूच आहे. शेवटचे कडवे गाळले तर त्यातली ही क्षमाच गळते.

दोन हिंदी आरत्या

आपल्यासारख्या माळव्यातल्या मराठी माणसांना ‘शेंदूर लाल’ जवळची वाटते, कारण ती आपल्यासारखीच आहे. मराठी घरात जन्मलेली आणि हिंदी बोलणारी. तिच्यातली मुद्रा ‘गोसावीनंदन’ अशी आहे, म्हणजे गोसाव्याचा मुलगा. मराठी संतकवींनी हिंदीत रचना करणे ही नवलाची गोष्ट नव्हती. नामदेवांपासून रामदासांपर्यंत अनेकांची हिंदी पदे आहेत. ज्या प्रांतात जायचे तिथल्या माणसाला कळेल असे बोलायचे, हा त्यामागचा साधा हिशेब. इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहून आपणही तोच हिशेब करत आलो आहोत.

‘जय जगदीश’ तर इतकी सर्वत्र पसरली आहे की ती प्राचीन असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती १८७० च्या सुमाराची. कर्ते पंडित श्रद्धाराम फिल्लौरी. त्यांचा जन्म १८३७ साली पंजाबातल्या फिल्लौर गावी झाला. ते कथावाचक होते. त्यांच्या महाभारतावरच्या व्याख्यानांतून इंग्रज सरकारविरुद्ध लोक चिथावले जातात अशा समजुतीने १८६५ मध्ये त्यांना गावातून हद्दपार करण्यात आले होते. पंजाबी आणि हिंदी दोन्ही भाषांत त्यांनी लिहिले. त्यांची ‘भाग्यवती’ हिंदीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणली जाते आणि तिचा विषय स्त्रियांच्या शिक्षणाचा आहे. १८८१ साली लाहोरला ते वारले, वय जेमतेम ४३. आरतीच्या शेवटाकडे ‘श्रद्धा’ हा शब्द येतो, त्यात कवीने आपले नाव हळूच ठेवून दिले आहे. आपण तो भक्तिभावाच्या अर्थाने म्हणतो आणि नकळत त्यांचीही आठवण काढतो.

करुणात्रिपदी आणि इंदूर

इंदूरच्या दत्तभक्त घरांत आरतीनंतर करुणात्रिपदी म्हटली जाते. ती रचली श्री वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामींनी. जन्म १८५४, कोकणात माणगाव येथे. वासुदेव गणेश टेंबे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. वेदविद्या घरची, ज्योतिषाचा अभ्यास चांगला. माणगावला त्यांनी दत्तमंदिर उभारले आणि सात वर्षांनी ते तसेच सोडून पत्नीसह निघाले. गोदाकाठी गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई वारल्या आणि त्यांनी संन्यास घेतला. दंड मिळाला तो आपल्या शेजारच्या उज्जैनला, नारायणानंद सरस्वतींकडून.

त्यानंतरची त्यांची वर्षे चालण्यात गेली. वाहनात बसायचे नाही, जवळ काही साठवायचे नाही, चातुर्मास एका ठिकाणी आणि बाकीचे आठ महिने पायी प्रवास, असा नियम. गुजरातपासून आंध्रापर्यंत आणि गंगेपासून कृष्णेपर्यंत ते फिरले. त्यांचे बहुतेक लेखन संस्कृतात आहे, स्तोत्रांची संख्या मोठी आहे. पण सामान्य माणसाच्या ओठांवर राहिली ती मराठी करुणात्रिपदी. नरसोबाच्या वाडीत १९०५ साली ती रचली गेली असे सांगतात. देव रागावला आहे, त्याने शांत व्हावे, अशी विनवणी करणारी ही तीन पदे, म्हणून त्रिपदी. १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला स्वामी समाधिस्थ झाले.

कोकणात जन्मलेल्या कवीची, कृष्णाकाठी रचलेली ही पदे इंदूरच्या घराघरांत कशी आली? त्याचे मोठे श्रेय नानामहाराज तराणेकरांना. उज्जैन जिल्ह्यातल्या तराणा गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. टेंबे स्वामी त्यांच्या गुरुस्थानी. पुढे इंदूर हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. एकत्र बसून त्रिपदी म्हणायची, एवढा साधा नेम त्यांनी दिला, आणि त्यातून त्रिपदी परिवार उभा राहिला. १९९३ साली ते गेले. पद लिहिणारा एक आणि ते लोकांच्या तोंडी बसवणारा दुसरा, असे पुष्कळदा घडते. त्रिपदीच्या बाबतीत तो दुसरा माणूस आपल्या माळव्याचा होता.

चर्चमधला अभंग

मराठी भक्तिगीताची एक शाखा आपल्या घरांत फारशी पोचलेली नाही, तिचाही उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती उपासनेत सुरुवातीला जी गीते म्हटली जात, त्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे पुष्कळ होती. शब्द मराठी, पण चाल आणि वृत्त परदेशी. ते बदलण्यात सर्वांत मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्हा. फुले आणि मुले ह्यांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना भेटलो आहोत. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. घर तुटले, नातेवाईक दुरावले. पण तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यामुळे त्यांनी नव्या देवासाठी जुनी वाद्ये टाकून दिली नाहीत. ओवी, अभंग, कीर्तन हे सारे त्यांनी चर्चमध्ये नेले. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ ह्या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’मुळे आपल्याला माहीत आहेत. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, नंतर स्वतःच्या विचाराने त्यांनीही तो धर्म स्वीकारला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य थोडेसेच लिहून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले.

चाल कोणाची?

एवढी कवींची नावे झाली. पण आरतीला चाल कोणी लावली? ह्याचे उत्तर बहुतेक आरत्यांबाबत ‘सगळ्यांनी मिळून’ असे आहे. ‘सुखकर्ता’, ‘लवथवती’, ‘दुर्गे दुर्घट’, ‘युगे अठ्ठावीस’, ‘त्रिगुणात्मक’ ह्या पाचही आरत्या आपण एकाच चालीवर म्हणतो, हे कधी लक्षात आले आहे? कवी वेगळे, शतके वेगळी, देव वेगळे, पण ओळींची लांबी आणि यमकांची बांधणी सारखी. त्यामुळे एक चाल आली की पाच आरत्या येतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा माणसांसाठी ही फार मोठी सोय होती. आईने एकच चाल शिकवायची, शब्द हळूहळू बसतात. नव्या काळात लता मंगेशकरांनी हृदयनाथांच्या संगीतात गायलेल्या आरत्या घरोघरी पोचल्या. लताबाई तर जन्माने इंदूरच्या, १९२९ साली इथल्या सिख मोहल्ल्यातल्या. पण घरची जुनी चाल त्यानंतरही टिकून राहिली.

इंग्रजी आणि वेल्श प्रार्थनागीतांतही हेच तत्त्व आहे. तिथे शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असते, चालीला स्वतंत्र नाव असते, आणि मोजमाप जुळले की एका चालीवर दुसरे गीत म्हणता येते. जगभर गायले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ जॉन न्यूटनचे. तो एके काळी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. पुढे धर्मोपदेशक झाला आणि म्हातारपणी गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. त्याच्या शब्दांना आजची चाल मिळाली ती १८३५ मध्ये अमेरिकेत, त्याच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी. रामेश्वरभट्ट आणि न्यूटन एकमेकांना भेटते तर त्यांना बोलायला पुष्कळ विषय मिळाला असता.

वेल्समधले दुसरे उदाहरण तर आपल्या गिरणगावाला शोभणारे आहे. ‘कूम रोंधा’ ही तिथली सर्वांत लाडकी चाल, आता रग्बीच्या सामन्यांतही हजारो लोक ती गातात. ती १९०७ साली बांधली जॉन ह्यूजने. तो पोटापाण्यासाठी कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. शब्द मात्र विल्यम विल्यम्स ह्या अठराव्या शतकातल्या कवीचे. दिवसभर खाणीचे हिशेब आणि संध्याकाळी चर्चमध्ये संगीत. आपल्याकडे मिलची शिफ्ट संपवून भजनाला बसणारी आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी रात्री जागवणारी माणसे होती. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतर मिलही थांबल्या, पण झांक्या निघायच्या राहिल्या नाहीत. कामकरी वस्तीत गाणे असेच जगते.

आठवणारी बाई

वेल्सचीच आणखी एक गोष्ट सांगून हा भाग संपवू. अॅन ग्रिफिथ्स नावाची शेतकऱ्याची मुलगी होती, जन्म १७७६. घरकाम करता करता तिला प्रार्थनागीते सुचत. ती छापावीत असे तिच्या मनातही नव्हते. १८०५ साली बाळंतपणानंतर ती वारली, वय २९. तिच्या घरी कामाला रूथ इव्हान्स नावाची बाई होती. रूथला लिहिता येत नव्हते, पण मालकिणीची गीते तिला तोंडपाठ होती. तिने ती आपल्या नवऱ्याला म्हणून दाखवली, त्याने लिहून घेतली. आज वेल्श भाषेतली श्रेष्ठ कवयित्री म्हणून अॅनचे नाव घेतात ते एका मोलकरणीच्या स्मरणशक्तीमुळे.

आपल्याला हे वाचून जनाबाई आठवते. नामदेवांच्या घरची दासी, आणि तिनेही आपल्या मुद्रेत स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतले. दळताना, कांडताना तिने अभंग रचले. ते आपल्यापर्यंत पोचले, कारण जात्यावर बसणाऱ्या असंख्य बायकांनी ते एकीकडून दुसरीकडे दिले. त्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांना मुद्रा नव्हती.

आपल्या प्रत्येक घरात अशी एक रूथ असते. आजी, आत्या, मावशी, काकू. तिला सगळ्या आरत्यांची सगळी कडवी येतात. मंगळागौरीची, भोंडल्याची गाणी येतात. बाकीचे तिच्या मागून म्हणतात आणि ती गेली की दोन कडव्यांवर थांबतात.

आपण काय करू शकतो

‘घालीन लोटांगण’ हे ह्या साऱ्याचे उत्तम उदाहरण आहे. आपण ते एकच गीत समजून म्हणतो, पण त्यातली पाच कडवी पाच ठिकाणांहून आली आहेत. पहिले मराठी, नामदेवांच्या मुद्रेचे. दुसरे पांडवगीतेत सापडणारे. तिसरे भागवताच्या अकराव्या स्कंधातले. चौथे आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातले. पाचवे कलिसंतरण उपनिषदातले. कोणा अनाम माणसाने ही पाच फुले एका दोऱ्यात ओवली, लोकांना ती आवडली आणि माळ टिकली. परंपरा अशी बनते. कोणीतरी लिहितो, कोणीतरी जुळवतो, कोणीतरी चाल धरतो, आणि कोणीतरी पुढच्याला शिकवतो. आपण त्यातले शेवटचे.

तेव्हा पुढच्या गणपतीपूर्वी तीन लहान गोष्टी करता येतील. पहिली, घरच्या आरतीसंग्रहात प्रत्येक आरतीखाली कवीचे नाव, काळ आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. हे काम मुलांकडून करून घ्यावे, शेवटच्या कडव्यात मुद्रा शोधण्याचा खेळ त्यांना आवडतो. दुसरी, दहा दिवसांत रोज एक आरती पूर्ण, सगळ्या कडव्यांसह म्हणावी. बाकीच्या आटोपशीर चालतील. तिसरी, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला समोर बसवून तिच्या आरत्या आणि गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत, आणि ती कोणाकडून शिकली हेही तिलाच विचारावे. एखादे नाव मिळेल, एखादे गाव मिळेल. ग्वाल्हेर, देवास, धार, बऱ्हाणपूर, नागपूर, सातारा, कुठून कुठून ती गाणी इथवर आली आहेत ते कळेल.

ह्या तिन्ही गोष्टींना वर्गणी लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. पहिलीला दहा मिनिटे पुरतात, दुसरीला नैवेद्य थोडा गार होऊ द्यावा लागतो. तिसरीसाठी मात्र उशीर करू नये.